सहावा गट

रविवारी रात्री, ओल्डहॅममध्ये, जेवणाच्या टेबलावर
मी पाच साम्राज्यं आखून ठेवली :
रोमन, मंगोल, ऑटोमन, मुघल, ब्रिटिश.
नववीचा वर्ग, तीस मुलं, तीन आठवडे, वीस गुण.
पण सहाजणांच्या गटात एकजण
नुसता पेन्सिलींना टोक काढत बसतो,
एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं.
म्हणून गट सहा, पाच-पाचांचे.
सहावं कुठलं?
घरात कुणी जागं नव्हतं.
मी हळूच लिहिलं : मराठा.
अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत तर नाहीच,
पण झेरॉक्सच्या मशीनचा कोड माझ्याकडे,
म्हणजे सत्ताच की.

चार चौकटी : उदय, विस्तार, कारभार, ऱ्हास.
प्रत्येकी पाच गुण.
तंटा नको म्हणून आइस्क्रीमच्या डब्यात चिठ्ठ्या.

मंगोल निघालेली पोरं बाकांवर चढली.
चिडेरा म्हणाली, रोमचा ऱ्हास पाच गुणांत मावणार नाही.
कीरन ब्रॉडबेंटनं 'ब्रिटिश' उलगडली, पुन्हा घडी घातली.
"मिस, आमचा पणजोबा गिरणीत होता.
तो कुठेच गेला नव्हता."
मी म्हटलं, तेच लिही.
मला वाटलं, छान उत्तर दिलं.

सहावी चिठ्ठी खिडकीजवळच्या टेबलावर गेली,
जिथे रुमेना खातून बसते,
हजेरीलासुद्धा ओठांतल्या ओठांत 'येस' म्हणणारी.
मी खुर्ची ओढून बसलेच तिथे. न राहवून.
नकाशावर बोट अटकेपासून तंजावरपर्यंत.
चौथ म्हणजे काय, तर वर्तुळाचा पाव भाग रंगवला,
पिझ्झासारखा. मुलं हसली.
शिलेदाराचा घोडा स्वतःचा,
बारगिराचा घोडा सरकारी :
हा दोन गुणांचा प्रश्न, बरं का.
माझा आवाज चढला होता, माझ्या उशिरा लक्षात आलं.

"पुन्हा म्हणा, मिस. तो शब्द."
बारगीर.
"बर्गी," ती म्हणाली.
"नानी झोपवायची ना आम्हाला,
तेव्हा ते यायचे."

हीटर मध्येच खडखडला.

आमच्याकडे मुलूखगिरी हा थट्टेचा शब्द.
बाबा कोपऱ्यावर दूध आणायला निघाले
तरी म्हणायचे, चाललो मुलूखगिरीला.
आणि इथे, गिरण्यांच्या या टेकडीवर,
एकाला एक चिकटलेल्या विटकरी घरांच्या रांगेत,
वरच्या मजल्यावर, रजईखाली डोळे मिटणाऱ्या पोरीकडे
ते घोडे दौडत आले होते
पिढ्यान् पिढ्या,
कुठल्याच विमानतळावर न थांबता.

जिभेवर आलं होतं :
ते नागपूरकर गं. आम्ही कोकणातले.
आमचं कुणी तिकडे गेलं नव्हतं.
तेवढ्यात कीरन दिसला,
गिरणीच्या धुरांड्याला विटा काढत बसलेला.
मी गप्प बसले.

त्या रात्री पाचवी चौकट आखली.
'परिणाम' लिहिलं, खोडलं.
'प्रजा' लिहिलं. तेही खोडलं,
त्यात ज्यांच्यावर राज्य नव्हतंच ते बसेनात.
शेवटी लिहिलं :
यांचं नाव सांगून कुणाला झोपवलं?
प्रश्न वेडावाकडा आहे. हेड विचारतील, हे तपासणार कसं.
गुण पुन्हा वाटले, चार-चार.
गमतीची गोष्ट, ऱ्हासातला एक कमी करताना
काहीच वाटलं नाही,
विस्तारातला काढताना हात अडला.

तिसऱ्या शुक्रवारी तक्ते भिंतीवर लागले.
मंगोलांची चिकटपट्टी दुपारपर्यंतच टिकली.
कीरनच्या पाचव्या चौकटीत पणजोबाची सही,
कुठल्याशा जुन्या पगारपत्रकावरून गिरवलेली,
आणि खाली : कापूस कुठून यायचा
ते त्यानं विचारलं नाही. मी विचारतोय.

सहाव्या गटाचा घोडा रुमेनानं काढलेला.
देखणा. आयाळ उडालेली. पाठीवर कुणी नाही.
"स्वार राहिला वाटतं?" मी विचारलं.
"नानीनं चेहरा कधी सांगितलाच नाही, मिस."

खोगीर मात्र नीट रंगवलं होतं,
आणि पोटाखाली, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
घोडा सरकारी.